जीर्णोद्धार आणि जतन

सन २०२४ च्या जून महिन्यात सिंदखेड राजा येथे राजे लखुजी जाधवराव यांच्या समाधीच्या परिसरात दुरुस्तीचे काम चालू होते. हे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाकडे होते. काम चालू असता तेथील जाणत्यांच्या नजरेस जमिनीतील काही दगड असे पडले, की ते सहज विखुरलेले नसून रचलेले असावेत. त्यांच्या अनुरोधाने माती काढली असता एका मंदिराच्या सभामंडपाचे अवशेष दिसू लागले. त्या मंदिराच्या पायापर्यंत पोहोचावे म्हणून एक चर खणण्यात आला. त्या चरात प्रथम लक्ष्मीची मूर्ती आणि नंतर सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची भव्य मूर्ती सापडली. ही मूर्ती १.७० मीटर लांब व १ मीटर उंच असून तिच्यावर समुद्रमंथनाचा प्रसंग कोरलेला आहे. ती ज्या करड्या, मऊ दगडाची आहे तो या भागातील काळा पाषाण नव्हे. त्यास क्लोराइट शिस्ट म्हणतात, आणि अशा दगडातील मूर्तिकाम दक्षिणेकडे विशेष होत असे.

या घटनेची वार्ता वृत्तपत्रांत आली, छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि पुष्कळ लोक मूर्ती पाहण्यास गेले. परंतु शिक्षकांच्या दृष्टीने त्या घटनेतील अधिक महत्त्वाचा भाग मूर्तीच्या आधीचा आहे. समाधीच्या दुरुस्तीस आलेल्या माणसांनी ते दगड उचलून बाजूस का टाकले नाहीत? एखाद्या सामान्य कंत्राटदाराने ते दगड फोडून भरावात घातले असते, आणि त्यात त्याने काही गैर केले असे कोणाच्या मनातही आले नसते. जुनी वास्तू नीट करण्याच्या कामावर कोण माणूस आहे, त्यास काय शिकविले आहे आणि तो कशास भितो, यावर त्या वास्तूचे भवितव्य अवलंबून असते. अशी माणसे कोण, व ती काय करतात, याची माहिती प्राथमिक शिक्षकांस असणे इष्ट आहे. कारण बुलढाणा जिल्ह्यात लोणार, मेहकर, सातगाव भुसारी, साकेगाव, कोथळी, सिंदखेड राजा, रोहिणखेड अशा अनेक गावी जुन्या वास्तू उभ्या आहेत, आणि त्यांच्या सावलीत शाळा भरतात.

या कामास जतन अथवा संवर्धन असे म्हणतात. त्याचा अर्थ समजण्यासाठी ते जीर्णोद्धाराहून वेगळे कसे, हे प्रथम पाहिले पाहिजे. जीर्णोद्धार ही आपल्या देशातील फार जुनी व आदरणीय प्रथा आहे. देवालय मोडकळीस आले, की भाविकांनी ते पुन्हा उभारावे, शिखर नवे करावे, कळस चढवावा, हे पुण्यकर्म मानले गेले. अहिल्याबाई होळकरांनी १७८० साली काशीविश्वेश्वराचे मंदिर पुन्हा बांधविले, तो याच प्रथेचा थोर आविष्कार होय. ही प्रथा नसती तर अनेक देवस्थाने आज नामशेष झाली असती. तेव्हा जीर्णोद्धार करणाऱ्यास अडाणी म्हणून हिणविणे योग्य नव्हे.

तथापि दोहोंचे साध्य भिन्न आहे. जीर्णोद्धारात देवालय म्हणजे देवाचे घर. घर जुने झाले तर नवे बांधावे. जतनात मात्र ते देवालय हे देवाच्या घराबरोबरच एक लेखही असते. त्याचा प्रत्येक दगड कोणी, कोणत्या हत्याराने, कोणत्या काळी घडविला हे त्या दगडावरच लिहिलेले असते. नवा दगड कितीही सुरेख असला तरी तो जुन्याची साक्ष देऊ शकत नाही. जुन्या दस्तऐवजाचा कागद फाटला म्हणून कोणी त्याची सुवाच्य अक्षरात नवी प्रत करून मूळ कागद जाळून टाकीत नाही. जतनाचे सारे शास्त्र एवढ्या एका विचारातून निघाले आहे: असलेले टिकवावे, नसलेले रचू नये.

सर जॉन मार्शल यांनी १९२३ साली पुरातत्त्व खात्यासाठी जी संवर्धनविषयक नियमपुस्तिका तयार केली तिच्यात हाच दंडक घालून दिला होता. १९६४ साली व्हेनिस येथे निरनिराळ्या देशांच्या तज्ज्ञांनी जी सनद संमत केली तिचाही गाभा हाच आहे. भारत सरकारच्या खात्याने २०१४ साली जे राष्ट्रीय संवर्धन धोरण स्वीकारले, त्यात पारंपरिक कारागिरांच्या ज्ञानासही मानाचे स्थान दिले आहे, ही गोष्ट विशेष नमूद करण्यासारखी आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. लोणारचे दैत्यसूदन मंदिर हे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. तारकाकृती तलविन्यासाचे हे विष्णुमंदिर यादवकालातील असून त्याच्या बाह्य भिंतींवर व छतांवर विपुल शिल्पकाम आहे. हेन्री कझिन्स या विद्वानाने १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथात लोणार, सातगाव व मेहकर येथील वास्तूंचे वर्णन व मोजणीची रेखाचित्रे आहेत. (अशा मंदिरांस सरसकट हेमाडपंती म्हणण्याची रूढी आहे. परंतु ज्या हेमाद्रीच्या नावावरून हा शब्द आला तो तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील प्रधान होता, आणि यांपैकी कित्येक देवळे त्याच्याही आधीची आहेत, हे विद्यार्थ्यांस सांगावे.)

अशा मंदिराचा एखादा भाग खचू लागला तर संवर्धक काय करतो? तो लगेच गवंडी बोलावीत नाही. प्रथम आरेखक मोजमाप घेऊन नकाशा करतो व छायाचित्रकार प्रत्येक बाजूची छायाचित्रे घेतो. भेग दिसल्यास तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी चुन्याने चिकटवून तारीख लिहून ठेवतात. पट्टी कित्येक महिने अभंग राहिली तर भेग जुनी व निवलेली आहे असे समजावे. काच तडकली तर भिंत अजून हलत आहे. मग ती का हलते, याचा शोध सुरू होतो. बहुतेक वेळा कारण भिंतीत नसतेच. कोठे छतावरचा चुन्याचा कोबा फुटून पावसाचे पाणी गाभाऱ्यात मुरत असते. कोठे देवळाभोवतीची जमीन भरावाने उंच झाल्यामुळे पाणी पायाशी साचते. कोठे शिखराच्या सांध्यात पक्ष्याने टाकलेल्या बीजापासून पिंपळ उगवून त्याची मुळे दगड दूर सारीत असतात. अनुभवी संवर्धक भिंतीकडे पाहण्याआधी पाण्याकडे पाहतो, असे म्हटले तरी चालेल.

पिंपळाचेच घ्या. उत्साही तरुण मंडळी श्रमदानाने देवळावरील झाडे ओढून काढतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण ओढलेल्या मुळाबरोबर दगडाचा सांधाही बाहेर येतो. जाणता मनुष्य झाड वरून छाटतो, मूळ आतल्या आत मरेल असा उपाय करतो, ते वाळल्यावर जेवढे सहज निघेल तेवढेच काढतो आणि पोकळी चुन्याने भरतो.

येथे सिमेंटविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण खेड्यापाड्यांत जुन्या वास्तूंची जेवढी हानी सिमेंटाने होते तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल. सिमेंट बळकट आहे, म्हणूनच ते जुन्या कामास अपायकारक आहे. चुन्याची जुनी भिंत ऋतुमानाप्रमाणे किंचित हलते आणि तिच्यात शिरलेला ओलावा सांध्यांवाटे बाहेर पडतो. सांधे सिमेंटाने भरले, की ओलावा कोंडला जातो आणि विटेतून किंवा दगडातून वाट काढू लागतो. त्यातील क्षार पृष्ठभागाशी येऊन त्यांचे स्फटिक बनतात आणि विटेचे पापुद्रे सुटू लागतात. भिंतीवर ताण आला तर सांधा तुटण्याऐवजी वीटच फुटते. चुन्याचा सांधा स्वतः झिजतो आणि दगडास वाचवितो. तो पुन्हा भरता येतो, फुटलेला कोरीव दगड मात्र पुन्हा मिळत नाही. या कारणास्तव संवर्धनाच्या कामावर आजही चुना भिजवून, मुरवून, वाळू व विटांची भुकटी घालून घाणीत मळला जातो. त्यात गूळ, बेलफळाचा रस, हिरडा, उडदाचे पाणी असे पदार्थ घालण्याची रीत जुन्या गवंड्यांकडून आली आहे. अशी चुन्याची घाणी कोठे चालू असेल तर विद्यार्थ्यांस ती अवश्य दाखवावी.

दगडी कामात याहून वेगळी रीत आहे. यादवकालीन देवळांत मोठे दगड बहुधा चुन्यावाचून, खाचा व वजन यांच्या आधारे एकमेकांत बसविलेले असतात. असा भाग कलला तर प्रत्येक दगडास क्रमांक देऊन तो भाग उतरवितात आणि पाया दुरुस्त करून तेच दगड त्याच जागी पुन्हा चढवितात. एखादा दगड हरवला असेल आणि त्यावाचून वरचा भार तोलला जात नसेल, तर नवा दगड बसवितात. परंतु तो साधा ठेवतात. त्यावर जुन्यासारखी नक्षी कोरून पाहणाऱ्यास चकवीत नाहीत. संरक्षित मंदिरात मध्येच एखादा कोरा दगड दिसला की खात्याने काम अर्धवट टाकले असे पुष्कळांस वाटते. तो कोरेपणा बुद्धिपुरस्सर असतो.

या कामात चूक झाल्यास ती किती काळ भोवते याचे उदाहरण बुलढाण्याच्या शेजारी अजिंठ्यास आहे. तेथील चित्रांचे रंग भिंतीवरून सुटत आहेत हे पाहून हैदराबाद संस्थानने १९२० ते १९२२ या काळात इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी व काउंट ओर्सिनी हे दोन तज्ज्ञ आणविले. संस्थानच्या पुराणवस्तू खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी हे स्वतः मोठे विद्वान होते. सुटणारे पापुद्रे त्या तज्ज्ञांनी कौशल्याने पुन्हा चिकटविले, आणि त्या दोघांचे ते काम मोलाचेच मानले पाहिजे. परंतु चित्रांस बळकटी यावी म्हणून त्यांवर लाखेचे रोगण देण्यात आले. पुढे ते रोगण पिवळे व काळपट पडत गेले, त्यावर धूळ व वटवाघळांची घाण चिकटून बसली आणि मूळ रंग झाकोळून गेले. स्वातंत्र्यानंतर अजिंठा केंद्र सरकारच्या खात्याकडे आल्यावर त्याच्या रसायनज्ञांना तो थर चित्रास धक्का न लावता इंच-इंच करून उतरविण्यास कित्येक दशके लागली. जे पुढे काढता येणार नाही असे काहीही लावू नये, हा नियम आज प्रत्येक संवर्धकास पहिल्या दिवशी शिकविला जातो. त्यामागे असे अनुभव आहेत. देवळाच्या कोरीव खांबांस तैलरंग देणारे, अथवा तोच रंग काढण्यासाठी वाळूचा झोत मारणारे, दोघेही हा नियम मोडतात. दुसऱ्या प्रकारात रंगाबरोबर शिल्पाचे नाक-डोळेही झिजतात.

हे काम एका प्रकारच्या माणसाचे नाही. पुरातत्त्व सर्वेक्षणाची स्थापना १८६१ साली झाली. तेव्हापासून त्यात हळूहळू निरनिराळ्या विद्यांची माणसे आली. उत्खनन करणारा पुरातत्त्वज्ञ निराळा आणि वास्तूची डागडुजी पाहणारा संवर्धन सहायक निराळा. हा दुसरा बहुधा स्थापत्यशास्त्र शिकलेला असतो. देहरादून येथे मुख्यालय असलेल्या विज्ञान शाखेचे रसायनज्ञ दगड, धातू व चित्रे यांची तपासणी व सफाई करतात. शिलालेख वाचणारे पुराभिलेखतज्ज्ञ म्हैसूर येथे आहेत, आणि अरबी-फारसी लेखांची शाखा नागपुरास आहे. राज्य सरकारचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय स्वतंत्र असून त्याच्या यादीतील वास्तू वेगळ्या आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते, आणि वास्तुशास्त्राचे पदवीधर संवर्धनाचा वेगळा अभ्यासक्रम घेऊ शकतात. महाराष्ट्रातून मधुसूदन नरहर देशपांडे यांच्यासारखे विद्वान या खात्यात चढत जाऊन १९७० च्या दशकात महासंचालक झाले. परंतु विद्यार्थ्यांसमोर केवळ महासंचालकाचे उदाहरण ठेवू नये. टाकी-हातोडी घेऊन बसलेला पाथरवट आणि पावसापाण्यात देवळाशी उभा असलेला पहारेकरी यांच्यावाचून या सर्व विद्या पांगळ्या आहेत.

पहारेकऱ्याचे महत्त्व एका आकड्यावरून कळेल. भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०१३ साली सादर केलेल्या अहवालानुसार, त्यांनी पाहणी केलेल्या १,६५५ केंद्रसंरक्षित वास्तूंपैकी ९२ वास्तू जागेवर आढळल्याच नाहीत. पुढे खात्याने शोध घेऊन त्यांपैकी बऱ्याच वास्तूंचा पत्ता लावला. तरीही काही वास्तू वस्तीखाली, धरणाखाली अथवा नुसत्या विस्मरणात कायमच्या गेल्या.

संरक्षित वास्तू आणि तिच्या भोवतीची जागा यांसंबंधी कायदा स्पष्ट आहे. १९५८ च्या केंद्रीय अधिनियमात २०१० साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे केंद्रसंरक्षित वास्तूच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम प्रतिषिद्ध आहे. त्यापुढील २०० मीटरांत ते परवानगीवाचून करता येत नाही. वास्तूची नासधूस करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शाळेची नवी खोली, स्वच्छतागृह किंवा आवारभिंत या अंतरात येत असल्यास मुख्याध्यापकांनी प्रस्तावातच तसे नमूद करावे.

परंतु जिल्ह्यातील बहुसंख्य अवशेष कोणत्याही यादीत नाहीत, आणि खरी चिंता त्यांचीच आहे. संग्रामपूर तालुक्यात पूर्णाकाठी भोन नावाचे गाव आहे. तेथील पांढरीच्या टेकाडांवर डेक्कन कॉलेजचे डॉ. देवतारे व त्यांचे सहकारी यांनी २००० नंतरच्या दशकात उत्खनन केले. त्यात विटांनी बांधलेल्या स्तूपाचा पाया, मातीच्या कड्यांच्या कित्येक विहिरी आणि पाण्याच्या कालव्याच्या खुणा मिळाल्या. उत्खननकर्त्यांच्या मते ही वसाहत मौर्यकालापर्यंत मागे जाते. वऱ्हाडात इतक्या प्राचीन काळी अशी नांदती वस्ती होती, हे यावरून दिसते. आता हेच भोन जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात येते. शेतीस पाणी हवे आहे, आणि ते नको असे पूर्णाकाठचा कोणताही शेतकरी म्हणणार नाही. अशा वेळी संवर्धकापुढे कठीण प्रश्न उभा राहतो. आंध्र प्रदेशात नागार्जुनसागर धरण बांधताना १९५४ ते १९६० या काळात नागार्जुनकोंड्याच्या संपूर्ण खोऱ्याचे उत्खनन झाले आणि निवडक वास्तू उचलून टेकडीवर पुन्हा रचण्यात आल्या. इजिप्तमध्ये अबू सिम्बेलची पाषाणमंदिरे १९६४ ते १९६८ या काळात कापून उंचावर नेण्यात आली. परंतु पाषाणाचे मंदिर उचलता येते, तसे मातीचे टेकाड उचलता येत नाही. त्याची किंमत त्याच्या थरांत असते. थर हलविले की ती नाहीशी होते. तेथे पाणी येण्यापूर्वी जेवढे खणता, मोजता व नोंदता येईल तेवढेच वाचते.

भोनसारखी टेकाडे अनेक गावांच्या शिवारात आहेत. गावकरी त्यांस पांढर म्हणतात आणि तेथील माती खत म्हणून शेतात टाकतात, अथवा घरासाठी नेतात. शाळेतील मुले तेथून खापरे, मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे घेऊन येतात. ते सर्व कोणीतरी ठेवून दिलेले, फाटलेल्या पुस्तकाचे पान आहे असे समजून शिक्षकांनी वागावे. मुलांस पांढरीवर खणू देऊ नये. पृष्ठभागावर सापडलेली वस्तू कोणत्या गटात, कोणत्या दिवशी, कोणास मिळाली हे वहीत लिहून ठेवावे. जागेची नोंद नसलेला मणी हा केवळ मणी असतो. वस्तू घासू नये, चिंचेने उजळू नये. शिलालेखावर खडू फिरवू नये. शक्य तर पट्टी शेजारी ठेवून छायाचित्र घ्यावे.

मेहकरची बालाजीची मूर्ती १८८८ साली जमिनीतून निघाली, तेव्हा तिच्याबरोबर एक ताम्रपट निघाला होता व तो साहेबांनी विलायतेस नेला, असे त्या गावी आजही सांगतात. मूर्ती भाविकांच्या आग्रहाने गावीच राहिली आणि आज तिचे मोठे देवस्थान आहे. ताम्रपटाची खरीखुरी हकीकत कोणास सांगता येत नाही. त्या दिवशी त्याची एक नक्कल जरी कोणी करून ठेवली असती, तरी मूर्ती कोणी घडविली आणि कोणत्या संकटकाळी ती जमिनीत पुरली, या दोन प्रश्नांची उत्तरे कदाचित आज शाळेच्या पुस्तकात असती.

नांगरटीत नाणी, मूर्ती अथवा ताम्रपट सापडल्यास शेतकरी बहुधा ते लपवितो. सरकार सर्व काही काढून घेईल आणि शेतही अडकवून ठेवील अशी त्यास भीती असते. शिक्षक हा गावातील लिहिता-वाचता व विश्वासाचा मनुष्य असल्यामुळे प्रथम सल्ला त्यासच विचारला जातो. म्हणून १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम त्यांनी जाणून घ्यावा. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास ती कोठे, केव्हा व कशी सापडली याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांस देणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. चौकशीनंतर त्या वस्तूचा कोणी मालक ठरला नाही, आणि सापडणारा व जमिनीचा मालक यांच्यात दुसरा करार नसला, तर तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा व उरलेला जमीनमालकाचा असतो. जिल्हाधिकाऱ्यांनी ती वस्तू सरकारसाठी घेतली तर तिच्या द्रव्याची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश इतकी रक्कम द्यावी लागते. खबर न देणाऱ्यास मात्र हा वाटा मिळत नाही, व तो शिक्षेसही पात्र होतो. अर्ज तहसीलदारांमार्फत द्यावा, गट क्रमांक, तारीख व वस्तूंची संख्या त्यात लिहावी, आणि त्याची पोच घेऊन ती सापडणाऱ्याच्या हाती द्यावी.